दुआ वाटेत, इलाज दवाखान्यात

मृगाचा पाऊस पडला की माणसे शेतात उतरतात आणि बिळांत पाणी शिरले की सापही बाहेर पडतात. कृष्णा, वारणा, कोयनाकाठचा ऊस, तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागा, पाटणच्या डोंगरातील भातखाचरे, माण-खटाव आणि जत-आटपाडीकडचे दगडगोट्यांचे माळ. आपल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कुठेही राहा, साप आणि विंचू हे शेजारी असतातच. ऊसतोडीच्या दिवसांत फडात हात घालणाऱ्या मजुराला, पहाटे जनावरांना वैरण टाकणाऱ्या बाईला, फज्रच्या नमाजसाठी अंधारातून मशिदीकडे निघालेल्या म्हाताऱ्याला हा शेजार कधी महागात पडेल याचा नेम नसतो.

देशाचे चित्र फार गंभीर आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारनेही मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे त्यात ठरले आहे.

आम्हाला अधिक अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळी आहे. सापाच्या विषावर औषध आहे. ते आपल्याच राज्यात, हाफकिनमध्येही तयार होते आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तरीही माणसे मरतात, कारण दंशानंतरचा पहिला तास-दोन तास घरात, ओट्यावर आणि मांत्रिकाच्या दारात जातो.

चार साप ओळखून ठेवा

महाराष्ट्रात सर्पदंशाने होणारे बहुतेक मृत्यू चार सापांमुळे होतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

नाग आणि मण्यार यांचे विष मुख्यतः नसांवर चढते. पापण्या जड होऊन मिटू लागतात, एकाचे दोन दिसते, गिळता येत नाही, बोलणे अडखळते आणि शेवटी श्वास थांबतो. नागाच्या दंशाला सूज आणि वेदना असतात. मण्यार मात्र रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा कळतही नाही. दाताची खूण दिसत नाही, सूज नसते. पहाटे माणूस पोटात दुखते म्हणून उठतो, उलटी करतो आणि घरचे ओवा देतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे अचानक पोट दुखू लागले आणि पापण्या जड झाल्या, तर आधी मण्यारीची शंका घ्यावी.

घोणस जाड अंगाची असते. पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा जोराचा फुत्कार टाकते. फुरसे लहान असते आणि कोरड्या, दगडाळ माळावर व कोकणाच्या बाजूला जास्त आढळते. या दोघांचे विष रक्तावर काम करते. दंशाची जागा सुजते, हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडे बंद पडतात आणि रुग्णाला डायलिसिसवर ठेवण्याची वेळ येते.

धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे साप बिनविषारी. त्यातला कवड्या मण्यारीसारखा दिसतो म्हणून घोटाळा होतो. ओळखीत चूक होऊ शकते, म्हणून "बिनविषारीच होता" असे घरी ठरवून स्वस्थ बसू नये. तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

आपल्या सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळा आहे. तिथली नागपंचमी देशभर माहीत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे तिथले जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुका बंद झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या साप हाताळण्याचे कसब त्या भागातल्या माणसांत आहे. पण साप पकडता येणे वेगळे आणि विष उतरवता येणे वेगळे. सर्पमित्रालाही दंश झाला की दवाखानाच गाठावा लागतो.

घरात जाणारा तास

वर्गात मुलांना "साप चावला तर काय कराल?" असे विचारले की उत्तरांचा पाऊस पडतो. दोरीने घट्ट बांधायचे. ब्लेडने कापून रक्त काढायचे. तोंडाने विष ओढायचे. कोंबडीची पिल्ले एकामागून एक जखमेला लावायची. मिरची चावायला द्यायची आणि तिखट लागते का ते पाहायचे. कडुलिंबाचा पाला खाऊ घालायचा. ही उत्तरे मुलांची नाहीत, आपल्या घरांची आहेत. दादीने सांगितलेले, चाचांनी पाहिलेले मुले आमच्यापुढे बोलून दाखवतात.

यातला एकही उपाय विष उतरवत नाही. घट्ट दोरीने पायाचा रक्तपुरवठा तुटतो आणि पाय काढून टाकण्याची पाळी येऊ शकते. घोणशीच्या दंशानंतर रक्त गोठत नसते, अशा वेळी ब्लेडची चीर म्हणजे न थांबणारा रक्तस्राव. गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाला किंवा काढा घातला तर तो श्वासनलिकेत जातो.

मग हे उपाय करून बरे झालेली माणसे गावात कशी दिसतात? उत्तर सोपे आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही, कोरडा दंशही होतो. अशा माणसाला कोंबडी लावली काय किंवा काहीच केले नाही काय, तो बरा होणारच होता. श्रेय मात्र कोंबडीला जाते. मग त्याच भरवशावर पुढच्या वेळी खऱ्या घोणशीच्या दंशालाही तोच उपाय होतो आणि माणूस हातचा जातो.

दम आणि दवा

आपल्या घरांत याला आणखी एक पदर आहे. दंश झाला की कुणीतरी म्हणते, आधी मौलाना साहेबांकडून दम करून आणू, पाणी पढून आणू, मग बघू. या "मग बघू" मध्ये जीव अडकतो.

दम करण्याला आधार आहे, हे आम्ही जाणतो. सहीह बुखारीत हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांची हदीस आहे. प्रवासातल्या सहाबांनी एका टोळीच्या दंश झालेल्या सरदारावर सूरह फातिहा पढली आणि तो बरा झाला. पण ती हदीस पूर्ण वाचावी. त्या टोळीच्या लोकांनी आपल्या सरदारासाठी जे जे करता येणे शक्य होते ते सगळे आधी करून पाहिले होते, हेही त्याच हदीसमध्ये आहे. त्या वाळवंटात प्रतिविष नव्हते. आज ते तालुक्याच्या गावी आहे. अल्लाहने आजार दिला तसा त्याचा इलाजही उतरवला, ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. उंट आधी बांधा आणि मग तवक्कुल करा, हेही ऐकतो. दवाखान्यात जाणे म्हणजे उंट बांधणे होय.

मिरजेचेच उदाहरण घ्या. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याचे हे गाव, आणि डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या रुग्णालयापासून दवाखान्यांचेही गाव. दुरून आलेली कुटुंबे एकाच फेरीत दर्ग्यात जातात आणि डॉक्टरांनाही दाखवतात. त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. मग सर्पदंशाच्याच वेळी दुआ आणि दवा यांची एकापाठोपाठ एक रांग का लावायची? फातिहा, आयतुल कुर्सी, जे येते ते गाडीत बसून पढा. दुआला थांबावे लागत नाही, पण विषही थांबत नाही.

इमाम साहेबांना आमची विनंती आहे. रात्री-अपरात्री कुणी दंश झालेला माणूस घेऊन दारात आले, तर आधी गाडीची सोय करा, शक्य असल्यास सोबत गाडीत बसा आणि तिथे दम करा. तुमचा शब्द घरातील म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोहोचतो, तसा आम्हा मास्तरांचा पोहोचत नाही.

बायकांच्या बाबतीत उशीर आणखी होतो. घरात पुरुष नाही, नवरा कामावर आहे, लेडी डॉक्टर मिळेल का, असे विचार सुरू होतात. दंश झालेल्या बाईला शेजाऱ्याच्या गाडीतून नेणे यात काहीही गैर नाही. जीव वाचवण्याच्या प्रसंगी दीनने मुभा दिलेली आहे. रोजा असेल तर सोडावा, नंतर कजा करता येतो. गरोदर बाईलाही हीच लस द्यावी लागते. "पोटातल्या बाळाला बाधेल" म्हणून ती टाळू नये.

नेमके काय करावे

१. सापापासून दूर व्हा. त्याला मारण्यात, पकडण्यात वेळ घालवू नका. लांबून मोबाइलमध्ये फोटो मिळाला तर ठीक, नाही तर सोडून द्या. आपल्याकडची लस चारही सापांवर एकच आहे.

२. रुग्णाला धीर द्या आणि आडवे ठेवा. त्याला चालू, पळू देऊ नका.

३. दंशाच्या हातापायातील अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ, जोडवी लगेच काढा. सूज चढल्यावर त्या निघत नाहीत आणि बोट काळे पडते. सुहागाच्या बांगड्या म्हणून थांबू नका.

४. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी लाकडी पट्टी किंवा घडी केलेला पुठ्ठा लावून ओढणीने सैल बांधा. हेतू एवढाच की हातपाय हलू नये.

५. कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका, कोणताही लेप नको. आवळून बांधू नका. कुणी आधीच बांधले असेल तर घरी एकदम सोडू नका, ते डॉक्टरांसमोर सोडू द्या.

६. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. त्यांनी रक्तस्राव वाढतो.

७. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. ती दूर असेल तर मिळेल त्या गाडीने निघा. मोटारसायकलच असेल तर रुग्णाला चालवणाऱ्याच्या आणि मागे बसलेल्या माणसाच्या मध्ये घट्ट बसवा.

८. दंशाची वेळ लक्षात ठेवा. वाटेत पापणी मिटू लागली, सूज कुठवर चढली, हे किती वाजता झाले तेही डॉक्टरांना सांगा.

दवाखान्यात काय होते

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात लस आहे का, हे निघतानाच फोन करून विचारावे. उपचार जितके जवळ सुरू होतील तितके चांगले. पुढे गरज पडली तर साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडचे उपजिल्हा रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

डॉक्टर थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचे विष चढले आहे असे समजते. "नुसती नळी ठेवून बसलेत" म्हणून नातेवाइकांनी आरडाओरडा करू नये. तीच तपासणी आहे.

आपण ज्याला लस म्हणतो ते खरे तर प्रतिविष. घोड्याला थोडे-थोडे सापाचे विष टोचतात, त्याच्या रक्तात विषाला मारणारी द्रव्ये तयार होतात आणि ती वेगळी काढून औषध बनवतात. त्यासाठीचे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा समाजाची सहकारी संस्था पुरवते. पूर्वापार साप पकडणारे हे लोक आज देशभर माणसांचे जीव वाचवत आहेत. ही लस आधी टोचून घेता येत नाही. विषाची लक्षणे दिसल्यावरच ती सलाइनमधून देतात, साधारण दहा बाटल्यांपासून सुरुवात होते. लहान मुलाला कमी द्या, असे सांगू नये. सापाने विष सोडताना वय पाहिलेले नसते. काहींना या औषधाची रिअ‍ॅक्शन येते, थंडी वाजते, पुरळ उठते, दम लागतो. त्यावरचे इंजेक्शन डॉक्टर जवळ ठेवतात. म्हणूनच ही लस घरी किंवा ओळखीच्या कंपाउंडरकडून घेण्याची गोष्ट नाही. लक्षणे नसली तरी चोवीस तास देखरेखीखाली राहावे. नागाच्या किंवा मण्यारीच्या विषाने श्वास थांबत आला तरी व्हेंटिलेटरवर माणूस वाचतो आणि काही दिवसांनी चालत घरी जातो.

दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. शेतकरी कुटुंबातील माणूस सर्पदंशाने किंवा विंचूदंशाने दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. चौकशी तालुका कृषी कार्यालयात करावी. मांत्रिकाच्या दारात गेलेल्या माणसामागे कागद राहत नाही.

विंचू

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर लागते, पुढे महाड. तिथे सरकारी नोकरीत आलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावताना पाहिली. त्या काळी अशा गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस जात. डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली आणि १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी त्यांनी वापरली आणि मृत्यूचे प्रमाण अगदी खाली आले. खेड्यातल्या डॉक्टरने शोधलेला हा इलाज आज जगभर वापरला जातो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण जास्त धोका लहान लाल विंचवाचा. जिवाचा आकांत करणारी वेदना हे धोक्याचे लक्षण नसते. भरपूर घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय गार, धडधड, खोकला ही लक्षणे दिसली तर क्षणभरही थांबू नये. मुलांना तर लक्षणांची वाट न पाहता न्यावे. जागेवर बर्फ लावला तर चालतो. प्राझोसिन मात्र डॉक्टरांनीच द्यायची, कारण तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो.

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली तर बहुतेकांना नुसती सूज येते. मधमाशीचा काटा नखाने खरवडून लगेच काढावा. पण ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, दम लागला किंवा आग्या मोहोळ उठून अनेक दंश झाले, तर तेही तितकेच तातडीचे समजावे.

घर, मशीद, शाळा

झोपण्यापूर्वी अंथरूण झटकून घ्यावे, कारण आपल्यामागे त्यात काय शिरले हे माहीत नसते, ही शिकवण हदीसमध्ये आहे. ती मुलांना आजच लावा. पावसाळ्यात जमिनीवर झोपणे टाळा. टाळता येत नसेल तर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. जळण, गोवऱ्या आणि विटांचे ढीग भिंतीपासून दूर ठेवा. उंदीर असतील तिथे साप येतोच, म्हणून धान्य झाकून ठेवा. फडात जाताना बूट, हातात काठी, रात्री बॅटरी. बूट घालण्यापूर्वी उपडा करून आपटावा. मशिदीच्या वुजूखान्याजवळचा पालापाचोळा जमातने दर आठवड्याला काढावा, तिथे दिवा ठेवावा.

२०१९ मध्ये केरळच्या वायनाड जिल्ह्यात पाचवीच्या एका मुलीला वर्गातच साप चावला. जमिनीत भोक होते, तिचा पाय त्यात गेला. तिला दवाखान्यात न्यायला उशीर झाला, शिक्षकांनी तिचे म्हणणे मनावर घेतले नाही, असे आरोप झाले आणि राज्यभर संताप उसळला. ती बातमी आम्हा शिक्षकांनी विसरू नये. मूल "काहीतरी चावले" म्हणाले की ते खरे धरून आधी दवाखान्यात न्यायचे, पालक येण्याची वाट पाहायची नाही. वर्गातली भोके, फुटलेल्या फरश्या सुट्टीतच बुजवून घ्याव्यात.

आणि हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एक काम करा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा फोन नंबर, १०८, आणि रात्री गाडी काढून देईल अशा दोन शेजाऱ्यांचे नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. घरात वाचता येणाऱ्या सर्वात लहान मुलाकडून ते एकदा मोठ्याने वाचून घ्या.